रिकाम्या गोठ्यातली कापशी

गुणाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. शेजारच्या हौसाच्या दाराची कडी वाजली की चार वाजले, हे तेरा वर्षं ठरलेलं होतं. दोघींची घरं पनवेलजवळच्या सुकापुरात एकाच कुडाच्या दोन बाजूंना. कडी वाजली की गुणाबाई उठायची, रात्रीची भाकरी फडक्यात बांधायची, चुंबळ कमरेला खोचायची आणि दोघी खाडीकडच्या मिठागराची वाट धरायच्या. तासाभराची चाल. फटफटायच्या आत पहिली पाटी डोक्यावर चढली पाहिजे. ऊन वर आलं की मीठ तेवढंच राहतं, पण माणूस जड होतं.

मिठाची पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ज्यानं उचललेली नाही त्याला हे पटत नाही. पाऊण मणाची पाटी, बुडातून खारं पाणी ठिबकत असतं. गुडघ्यापर्यंत ती एकटीला येते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत दुसरे दोन हात लागतात. म्हणून आगरात बायका जोडीनं असत. एक राशीकडे गेली की दुसरी पाटी भरायची. पहिली रिकामी परत आली की हिची चढवायची. वाफ्यापासून राशीपर्यंत ऐंशी पावलं, त्यातली शेवटची बारा चढाची. गुणाबाई आणि हौसा दिवसाला प्रत्येकी साठ पाट्या टाकायच्या. मुकादम त्यांना काही बोलायचा नाही. दुसऱ्या जोड्यांना मात्र तो त्यांच्याकडे बोट दाखवून बोलायचा.

१९५७ ची दिवाळी झाली, आगर सुरू व्हायची वेळ आली, आणि हौसा म्हणाली, "मी नाय येत आता. माजी गाय येतेय."

हौसाचा नवरा जगन मुंबईच्या गोदीत होता. त्यानं घाटावरच्या बाजारातून गाय आणली. पांढरीधोप गाय, फक्त डाव्या डोळ्याभोवती काळा डाग आणि डावा कान काळा, बाकी नाकपुडीसुद्धा गुलाबी. नाव ठेवलं कापशी. गावातल्या गायी शेळीएवढ्या. त्यांच्यापुढे ही उभी राहिली की गोठ्याचं दार लहान वाटायचं. दोन वेळचं मिळून पाच शेर दूध. हौसा धुतलेलं लुगडं नेसून पनवेलला चार घरी रतीब घालायला जाऊ लागली. तिच्या पायांची मिठानं पडलेली भोकं महिनाभरात बुजली.

गुणाबाईची बुजली नाहीत. मुकादमानं तिला नवी जोडीदारीण दिली, मालू नावाची. पोरगी मनानं चांगली होती, पण पाटी चढवताना कानाशी आल्यावर हात सोडायची. साठाच्या पंचेचाळीस पाट्या झाल्या. पंधरा पाट्यांची मजुरी रोज कुठे जाते, ते गुणाबाईला ठाऊक होतं. ती रोज पहाटे चारला कुडाच्या पलीकडे चरवीत पडत होती. आधी रिकाम्या पितळेवर धार वाजायची, मग चरवी भरत जाईल तसा आवाज दबत जायचा. गुणाबाई अंथरुणात पडून तो आवाज शेवटपर्यंत ऐकायची आणि मग उठायची.

"ऊठ की गो," तिचा नवरा धर्मराज म्हणायचा. तो पनवेलच्या भातगिरणीत हमाल होता. "दूध तिचं, आनि जागरन तुजं."

"तुमी झोपा."

"झोपू कसा? तुज्या दातांचा आवाज येतोय."

गुणाबाईच्या घरामागेही एक गोठा होता. रिकामा. सहा वर्षांपूर्वी तिनंही एक कालवड घेतली होती, पनवेलच्या बाजारात घाटावरून आलेल्या कळपातली, काळी-पांढरी, बांडी. चैत्रात ती आजारी पडली. तोंड सुजलं, डोळे पिवळे झाले, पांढऱ्या जागेवरचं कातडं वाळक्या सालीसारखं सुटायला लागलं. थंडी भरली असेल म्हणून गुणाबाईनं तिला अंगभर करंजाचं तेल चोपडून उन्हात बांधलं. पाचव्या दिवशी कालवड मेली. गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर दिनानाथ सायकलवरून आले ते तिचं तोंड बघायलाच.

दिनानाथांनी गोठ्याभोवती एक फेरी मारली आणि कुंपणाची घाणेरी हातात धरून विचारलं, "ही खाल्ली का?"

"खाल्ली असंल. गावातली गुरं तोंड लावत नायत."

"गावातली नाही लावत. त्यांना आईनं शिकवलेलं असतं. बाहेरून आलेलं जनावर उपाशी असलं की खातं." मग ते उकिडवे बसून सांगत राहिले, मेलेल्या कालवडीचा कान हातात धरून. घाणेरी काळजावर, म्हणजे यकृतावर, बसते. काळीज बिघडलं की जनावराला ऊन सोसत नाही. पांढरं कातडं भाजतं, काळं राहतं. "बघ, काळ्या जागी केससुद्धा हललेला नाही. आणि तू हिला तेल लावून उन्हात बांधलीस. म्हणजे कढईतच घातलीस. अंधारात बांधायचं. जुलाब द्यायचा. हिरवं तोडायचं, पेंढा घालायचा. आणि जनावर आणायच्या आधी घाणेरी मुळासकट काढायची."

गुणाबाईनं त्याच आठवड्यात घाणेरी मुळासकट काढली. हात आठ दिवस सोलवटलेले होते. नंतर तिनं गोठ्याच्या तिन्ही बाजूंना कुड घातला, पुढचं झावळ्यांचं झाप जमिनीपर्यंत आणलं, आत दुपारी दिवा लावावा असा अंधार केला. आणि दर पावसाळ्याच्या आधी ती तो शाकारत राहिली.

"कोनासाटी शाकारतेस गो?" धर्मराज विचारायचा. "उंदरांना पाऊस लागतो काय?"

गुणाबाई पेंढ्याची पुढची पेंडी वर चढवायची. मडक्यांच्या उतरंडीत खालून दुसऱ्या मडक्यात एक डबा होता. दर हंगामाच्या शेवटी त्यात काही पडायचं. पाच हंगाम झाले होते. या हंगामाला गाय येणार होती. ती यायच्या आतच शेजारी आली, तीही एका दिवसात, आयती.

हौसाला तिची नजर कळत होती. तेरा वर्षं एकमेकींच्या डोळ्यांसमोर पाटी चढवलेली. डोळे ओळखायला कितीसा वेळ लागणार. एकदा गुणाबाई विहिरीवरून येताना कापशीपाशी थांबली, तर हौसा मध्ये येऊन उभी राहिली. हसत म्हणाली, पण म्हणाली, "बगतेस काय गो येवडी? दूध आटंल ना तिचं."

दुसऱ्या दिवशी तिनं कापशीला पुढच्या अंगणातून हलवून घरामागे बांधलं. गावची गुरं त्या दिवसांत मोकाट डोंगरात चरायची, पण हौसा कापशीला सोडत नसे. डोंगरात पाय मोडंल, लोकांची नजर लागंल. घरामागे राबासाठी तोडून आणलेल्या पाल्याचा ढीग होता. भाताची रोपं करायच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. सगळ्या गावाच्या परसात चैत्रात असे ढीग असतात. त्या वर्षी ऐनाच्या फांद्या कमी मिळाल्या होत्या, म्हणून हौसानं डोंगराच्या पायथ्याची घाणेरीच भारे भारे तोडून आणली होती. पेंढा संपत आला होता. आणि गाय ढिगाला खेटून बांधली होती.

गुणाबाईनं ते पाहिलं. संध्याकाळी आगरातून येताना परसाच्या फटीतून पाहिलं. कापशी सुकलेल्या घाणेरीची डहाळी ओढत होती, पानं चघळत होती, आणि पुन्हा ओढत होती. गुणाबाईच्या तोंडात शब्द आला. पण तेवढ्यात हौसा दारात आली, तिला फटीशी पाहिलं. तिनं परसाचं झाप ओढून घेतलं.

शब्द तोंडातच राहिला.

तिसऱ्या पहाटे चरवीचा आवाज नीट आला नाही. दोन-चार धारा, मग नुसती हौसाची कुजबूज. चौथ्या दिवशी कापशी उन्हात उभी होती, अंगभर करंजाचं तेल. तोंड सुजून नाकपुड्या बारीक झाल्या होत्या. ती दाव्याला हिसके देत होती, घराच्या सावलीकडे जायला बघत होती, आणि हौसा तिला ओढून पुन्हा उन्हात आणत होती. "थंडी भरलीय गो बाय, उभी ऱ्हा, उभी ऱ्हा."

गुणाबाई ते बघून आगराला गेली. त्या दिवशी तिनं बावन्न पाट्या टाकल्या. मालूला म्हणाली, "आज तुजा हात चांगला हाय." हात मालूचा तोच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसा तिच्या दारात आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. पदर डोक्यावर, डोळे सुजलेले.

"मूठभर मीठ दे. आगराचं. दुकानाचं नको."

"कशाला?"

हौसानं पदर पसरला. कशाला ते दोघींना कळत होतं. दृष्ट काढायला. आणि कोणाची दृष्ट, तेही दोघींना कळत होतं. गुणाबाईनं मडक्यातून दोन मुठी मीठ काढून तिच्या पदरात घातलं. दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कुडाच्या फटीतून मिरच्यांचा ठसका आला.

"उद्या ती तुज्या पायाची माती मागंल," धर्मराज खोकत म्हणाला. मग तिच्याकडे बघून हसू आवरलं. "काय गो? काय झालं?"

"काय नाय."

त्या रात्री तिनं स्वतःलाच विचारलं, की माझ्या नजरेत खरंच एवढं आहे का. असतं तर बरं झालं असतं. नजर माणसाच्या हातात नसते. तोंड असतं.

तरी दुसऱ्या दिवशीही ती आगराला गेली. त्या दिवशी दुपारीच परतली. पाय धुवायला मागे गेली तर गोठ्याचं झाप सरकलेलं. तिला वाटलं, कुत्रं शिरलं. वाकून आत पाहिलं. अंधारात आधी काही दिसेना. मग श्वास ऐकू आला, नाक चोंदलेल्या माणसासारखा. अगदी कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून कापशी उभी होती. तुटलेलं दावं गळ्यात. बांडी बांधलेली असायची, त्याच जागी.

गुणाबाई जवळ गेली. तेलावर उन्हानं कातडं फोडासारखं उचललं होतं. नाकावरची साल लोंबत होती. उजवा कान चुरगळून वाळला होता. डावा कान काळा, मऊ, जसाच्या तसा. गुणाबाईनं त्या कानावर हात ठेवला. गाय हलली नाही.

"माजी गाय काडून आनलीस?" दारात हौसा होती. हातात दाव्याचा तुटका तुकडा. "बगून पोट नाय भरलं, आता नेलीच?"

"मी नाय आनली. ती आली."

"आली! तुज्या गोठ्यात हाय काय, की ती येईल? चल गो, कापशे, चल."

"तिला उन्हात नेऊ नको."

"माजी गाय हाय, मी कुटं बी नेईन!"

"नेलीस तर परवा मरंल."

हौसा थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती आली, मग राग. "शाप देतेस?"

"शाप नाय गो, येडे. इकडं ये. डोला बग. हा काला भाग बग, आनि ही बाजू बग." गुणाबाईनं तिचा हात धरून गाईच्या तोंडावर ठेवला, एकदा या अंगावर, एकदा त्या. "काल्यावर काय नाय. पांडरं तेवडं जललं. नजर काय रंग बगून लागते? बांडी अशीच मेली. मी पन असंच तेल लावलं व्हतं. घानेरी हाय ती. तुज्या राबाच्या ढिगातली. जा, पनवेलला जा, दिनानाथांना घेऊन ये. पलत जा."

हौसा गेली. धुतलेलं लुगडं गुडघ्यावर खोचून गेली.

दिनानाथ दिवस मावळायच्या आत आले. त्यांनी जुलाब पाजला, तेल पुसून काढलं, पांढरं मलम लावलं, आणि वर मान करून गोठ्याचं छप्पर, तिन्ही कुड, जमिनीला टेकलेलं झाप न्याहाळलं. "गोठा कोणी बांधला?"

"मीच," गुणाबाई म्हणाली.

"दोन दिवस आधी इथं आणली असती, तर कान वाचला असता."

गुणाबाई तेलाचं फडकं उचलून पिळायला लागली. हौसानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

कापशी दीड महिना त्या अंधारात राहिली. दिनानाथांनी हलवू नका म्हणून बजावलं होतं. पहाटे चारला उठून गुणाबाई तिला भाताच्या कोंड्याची आंबोण द्यायची, पाण्याच्या चार घागरी ओतायची, शेण काढायची, आणि मग आगराला. संध्याकाळी पुन्हा चार घागरी. विहीर ते गोठा एकशे दहा पावलं, म्हणजे राशीपेक्षा लांब. मधला दिवस हौसा सांभाळायची. दूध गेलंच. पनवेलच्या चारही घरांनी दुसरा गवळी लावला. जगनचे पैसे पुरेनात, तेव्हा हंगामाचे शेवटचे तीन आठवडे हौसा आगरावर परत आली. मुकादमानं विचारायच्या आधीच ती गुणाबाईच्या वाफ्यावर येऊन उभी राहिली. दोघींनी पाटी धरली. कानाच्या वर जाईपर्यंत हौसानं हात सोडला नाही. त्या आठवड्यापासून रोजच्या पुन्हा साठ झाल्या.

पण घरी आलं की वेगळंच. कापशी आता गुणाबाईच्या पावलांना कान टवकारायची, जो एक कान टवकारण्यासारखा राहिला होता तो. हौसानं आंबोण पुढे केली तर तोंड फिरवायची.

"काय घालतेस गो तिला, माज्या मागं?" हौसा म्हणाली.

"तू घालतेस तेच."

"मग माज्याकडं का नाय बगत?"

गुणाबाईला त्या वेळी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. पोटात काहीतरी गोड पसरलं. ते गिळायला तिला पाण्याचा तांब्या लागला.

मे संपता संपता जगन सुट्टीवर आला. गाय जगली होती, अंगावर मांस धरत होती, पण नाकावर भाजल्याचा खरखरीत डाग, उजवा कान अर्धा, आणि कास आटलेली. दलाल बघून गेला. सत्तर म्हणाला. तो गाय कुठे नेणार होता, ते कोणी विचारलं नाही. जगन हो म्हणायच्या बेतात होता.

त्या संध्याकाळी गुणाबाई उतरंडीतला डबा घेऊन त्यांच्या अंगणात गेली.

"जगनभावजी, घाटावर किती मोजले व्हते?"

"दोनशे. का?"

"दोनशे घ्या. गाय माज्या गोठ्यात ऱ्हाऊ दे."

जगन हसला. "वयनी, येड लागलं काय? दलाल सत्तर देतोय. तुमाला साठाला देतो की, शेजारी म्हनून."

"दोनशे."

"दया दाकवतेस काय गो?" हौसा दारातून म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुज्या दयेवर जगतो काय आमी?"

"दया नाय." गुणाबाईनं डबा ओट्यावर ठेवला. "मला ठाव व्हतं. ती पाला खात व्हती, ते मी बगितलं व्हतं. तू उन्हात बांदलीस, ते पन बगितलं. बांडीपासून सगलं ठाव व्हतं. पाच दिस गप ऱ्हायले."

जगनला काही कळेना. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"मीठ मागायला आले तवा पन?" हौसानं विचारलं.

"तवा पन."

"का गो?"

"तुज्या चरवीचा आवाज कुडातून यायचा."

हौसा दारातून ओट्यावर आली. मग तिनं डबा उचलला, जगनच्या मांडीवर आपटला. "मोज," म्हणाली. आणि ती मागच्या बाजूनं गुणाबाईच्या गोठ्यात शिरली. गुणाबाई तिच्या मागे गेली. हौसा कापशीच्या गळ्यातलं, गाठ मारून जोडलेलं दावं सोडत होती. गाठ सुटत नव्हती, पण गुणाबाईनं मदतीला हात पुढे केला तसा तिनं तो झटकला.

"गाय तुजी. दावं माजं."

विकलेल्या जनावराचं दावं देत नाहीत. गोठ्याची बरकत दाव्याबरोबर जाते, असं म्हणतात. हौसानं ते मनगटाभोवती गुंडाळलं. निघताना थांबली. कापशीच्या खरखरीत नाकाला हात लावला, गुणाबाईकडे न बघता म्हणाली, "पावसाआदी नीट शाकार. त्या कोपऱ्यात गलतंय."

"शाकारते."

"आनि माज्या परसातली घानेरी उद्या उपटू. एकटीच्यानं ती निगत नाय."

डब्यात अकरा रुपये उरले होते. दुसऱ्या दिवशी घाणेरी उपटून झाल्यावर, सोलवटलेल्या हातांनी, गुणाबाई पनवेलच्या बाजारात गेली आणि अंबाडीचं नवं दावं घेतलं. दुकानदारानं तीन दाखवली. तिनं प्रत्येक दावं पायाखाली धरून ओढून पाहिलं आणि सगळ्यात जाडं घेतलं.

पुढच्या पहाटे शेजारची कडी वाजली. गुणाबाई गोठ्यात गेली, तेव्हा कापशी नव्या दाव्याला ताण देऊन हौसाच्या घराकडे तोंड करून उभी होती आणि हंबरत होती. कुडाच्या पलीकडे कोणी हललं नाही. पण कोणी उभं होतं, हे गुणाबाईला कळलं. दीड महिना हौसाकडून तोंड फिरवणारी गाय आता तिलाच हाका मारत होती, आणि गुणाबाईला चरवी ऐकताना व्हायचं तसंच झालं. पाच हंगामांच्या पाट्यांनी गाय आली होती, आणि दावं आलं होतं. अंबाडीचं होतं, मजबूत होतं. पण नवीन दावं मऊ व्हायला वेळ लागतो.